बहुमताच्या वाटेवरचा घाट

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते तेव्हा बहुतेकांचं लक्ष फलाटावरच्या वड्यांकडे असतं. गाडीच्या शेपटीला मात्र तेव्हा वेगळीच लगबग चालू असते. मागून दोन-तीन इंजिनं येतात आणि शेवटच्या डब्याला जोडली जातात. ही बँकर इंजिनं. मुंबईपासून इथवर जे इंजिन गाडी एकट्याने ओढत आलं, ते पुढच्या भोर घाटात पुरं पडत नाही. कर्जत ते लोणावळा हे अंतर 28 किलोमीटर, आणि चढ 37 मीटरला एक मीटर. 1863 मध्ये हा लोहमार्ग सुरू झाला तेव्हापासून जड गाड्या अशाच ढकलत वर न्याव्या लागतात. लोणावळा आलं की मागची इंजिनं सुटतात आणि पुढे पुन्हा एकटं इंजिन मावळातून पळत सुटतं. डबे तेच, माणसं तीच. मधल्या चढाने तेवढा ताकदीचा हिशेब बदलला.

अमेरिकेच्या सिनेटमध्ये कायदा होतो तो नेमका असा. सभागृहात 100 सदस्य. विधेयक मंजूर करायला निम्म्याहून जास्त मतं पुरतात, म्हणजे 51. ही सपाटीवरची वाट. पण मतदानाच्या आधी चर्चा संपावी लागते, आणि चर्चा संपवायला मात्र 60 मतं लागतात. म्हणजे ज्या विधेयकाच्या बाजूने 55 जण आहेत, ते बहुमतात असूनही घाटाच्या पायथ्याशीच उभं राहतं. वरची पाच इंजिनं मिळाली नाहीत तर तिथेच गंजतं. उरलेल्या 45 जणांनी विधेयक हरवलेलं नसतं, त्यांनी मतदानच होऊ दिलेलं नसतं. याला फिलिबस्टर म्हणतात.

भोर घाट सह्याद्रीने घातला. सिनेटमधला घाट कुणी घातला हे पाहिलं तर हसू येतं. तो कुणी मुद्दाम घातलाच नाही. 1805 मध्ये उपाध्यक्ष अॅरन बर यांनी सिनेटला सुचवलं की नियमांच्या पुस्तकात फार अडगळ झाली आहे, ती साफ करा. त्या साफसफाईत 1806 साली चर्चा थांबवून मतदान घेण्याचा नियमही निघून गेला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. 1837 साली कुणालातरी सुचलं की आता आपण बोलतच राहिलो तर आपल्याला गप्प करणारा नियमच शिल्लक नाही. नियम पुन्हा आणायला 1917 साल उजाडलं, तोवर पहिलं महायुद्ध पेटलेलं होतं. तेव्हा चर्चा बंद करण्यासाठी दोन-तृतीयांश मतं ठरली, 1975 मध्ये ती 60 वर आली.

या घाटात काय काय अडलं त्याची कहाणी मोठी आहे आणि तिचा बराच भाग लाजिरवाणा आहे. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचे कायदे दक्षिणेकडच्या सिनेटरांनी वर्षानुवर्षं अशाच बोलण्याने रोखले. 1957 साली स्ट्रॉम थरमंड एकटे 24 तास 18 मिनिटं बोलत उभे राहिले. 1964 चा नागरी हक्क कायदा कामकाजाचे 60 दिवस अडून होता. शेवटी 71 विरुद्ध 29 मतांनी चर्चा बंद झाली तेव्हा तो सुटला. थरमंड यांचा विक्रम मोडला तो 2025 मध्ये, आणि गंमत म्हणजे एका कृष्णवर्णीय सिनेटरने. कोरी बुकर 31 मार्चच्या संध्याकाळी उभे राहिले ते दुसऱ्या दिवशी, 25 तास 5 मिनिटांनी खाली बसले. त्यांना कुठलं विधेयक अडवायचं नव्हतं, निषेध नोंदवायचा होता.

खरं आश्चर्य याच्या पुढचं. आता बोलावंच लागत नाही. 1970 च्या दशकात सिनेटने एक सोय केली: एक विधेयक अडलं तर ते बाजूला ठेवून दुसरं काम चालू ठेवायचं. त्या दिवसापासून अडवणाऱ्याला घसा कोरडा करण्याची गरज उरली नाही. आमच्या बाजूला 41 आहेत एवढा निरोप पुरतो. थरमंड यांच्या काळी निदान पाय तरी दुखायचे.

मग अमेरिकेत कायदे होतात कसे? काही होत नाहीत, हे पहिलं उत्तर. आणि काहींसाठी घाट चुकवणारी वाट आहे. मुंबई-सोलापूर वंदे भारत 10 फेब्रुवारी 2023 ला सुरू झाली, तिला कर्जतला मागून कुणी ढकलत नाही, कारण तिची ताकद एका इंजिनात नसून डब्याडब्यांखाली वाटलेली आहे. सिनेटमध्ये अर्थसंकल्पाशी संबंधित विधेयकांना अशीच खास सोय आहे: चर्चा 20 तासांत संपलीच पाहिजे, पुढे साधं बहुमत. 1 जुलै 2025 ला ट्रम्प सरकारचं करांचं आणि खर्चाचं भलंमोठं विधेयक याच वाटेने गेलं. मतं पडली 50-50, आणि उपाध्यक्ष व्हान्स यांच्या निर्णायक मताने ते 51 विरुद्ध 50 असं पार झालं. बेळगावात वाढलेले आपले श्री ठाणेदार ज्या कनिष्ठ सभागृहात बसतात तिथे हा घाट नाहीच. तिथल्या 435 जणांना किती वेळ बोलायचं ते आधीच वाटून दिलेलं असतं.

आता मुंबईकडे वळू. आपल्या विधानसभेत एखाद्या आमदाराने 25 तास बोलून विधेयक पाडलं असं कधी ऐकलंय? नाही, आणि त्याचं कारण लंडनमध्ये सापडतं. जानेवारी 1881 अखेरीस ब्रिटिश संसदेत आयर्लंडवरच्या दडपशाहीच्या विधेयकाला विरोध करणारे आयरिश सदस्य बोलत राहिले. बैठक सलग 41 तास चालली. 2 फेब्रुवारीला सकाळी अध्यक्ष हेन्री ब्रँड उठले आणि त्यांनी स्वतःच्या अधिकारात चर्चा थांबवून मत घेतलं. मग तसे नियमच झाले. आपल्या विधिमंडळांनी कामकाजाचे नियम घेतले ते या घराण्याचे. अमेरिकेने चर्चा बंद करण्याचं साधन चुकून फेकून दिलं, लंडनने ते पाऊणशे वर्षांनी नव्याने घडवलं, आणि आपल्याला ते तयारच मिळालं.

त्याचा चटका पुण्याने लवकर अनुभवला. पावसाळ्यात मुंबई सरकार पुण्याला मुक्काम हलवायचं आणि कायदे कौन्सिलच्या बैठकाही तिथे व्हायच्या. मुंबईचे सभासद भोर घाट चढूनच यायचे. ऑगस्ट 1901 मध्ये जमीन महसूल दुरुस्तीचं विधेयक आलं. सावकारापासून रयतेला वाचवतो असं सरकार म्हणत होतं. रयतेचा जमिनीवरचा हक्कच पातळ होईल, असं फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले सांगत होते. त्यांची भाषणं आजही वाचावीत अशी आहेत. पण कौन्सिलमध्ये सरकारनियुक्त सभासदांचं बहुमत बसवलेलं होतं, त्यामुळे उत्तम बोलून उपयोग नव्हता आणि खूप बोलण्याची सोय नव्हती. उरला एकच मार्ग. मेहता उठले, गोखले आणि आणखी काही जण त्यांच्या मागून सभागृहाबाहेर गेले. आज ज्या सभात्यागाची बातमी आपण पानावरच्या कोपऱ्यात वाचतो, त्याचा हा ठळक पूर्वज.

संविधानाच्या 189 व्या कलमाने आपल्या विधानसभेसाठी वाट सरळ ठेवली आहे. हजर राहून मत देणाऱ्यांत ज्यांची संख्या जास्त, त्यांचा निर्णय. समसमान झालं तर अध्यक्षांचं मत. किती तास चर्चा करायची ते कामकाज सल्लागार समिती ठरवते आणि घड्याळ अध्यक्षांच्या हातात असतं. आता ‘हजर राहून मत देणारे’ या शब्दांकडे जरा थांबून बघा. 288 जणांच्या सभागृहाची गणपूर्ती एक-दशांश, म्हणजे 29. तेवढेच बसलेले असतील तर 15 आमदारांच्या होकाराने बारा-तेरा कोटी माणसांना लागू होणारा कायदा संमत होऊ शकतो. बेकायदा काही नाही त्यात. 145 हा जो आकडा आपण निवडणुकीच्या रात्री घोकतो, तो पूर्ण भरलेल्या सभागृहाचा आहे.

म्हणून आपल्याकडे खेळ बोलण्याचा नसून हजेरीचा असतो. 4 जुलै 2022 ला एकनाथ शिंदे सरकारचा विश्वासदर्शक ठराव झाला, 164 विरुद्ध 99 असा. त्या दिवशी काँग्रेसचे काही ज्येष्ठ नेते उशिरा पोचले, दारं बंद झालेली होती, आणि त्यांची मतं बाहेरच राहिली. निकाल त्याने बदलणार नव्हता, पण दोन-चार मतांचं अंतर असतं तर दाराच्या कडीने सरकार ठरवलं असतं. त्याआधी जुलै 2021 मध्ये भाजपच्या 12 आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये ते रद्द केलं: चालू अधिवेशनापलीकडे निलंबन करता येत नाही. अशा शस्त्राने काठावरचं सरकार विरोधकांची संख्या हवी तशी घटवू शकेल, हे न्यायालयाने ओळखलं होतं. बहुमत वाढवण्याचे दोन मार्ग असतात, स्वतःची माणसं वाढवणं किंवा समोरची दाराबाहेर ठेवणं.

नियम बदलायलाही साधं बहुमत पुरतं, आणि इथे वॉशिंग्टन आणि मुंबई अचानक शेजारी येऊन बसतात. 21 नोव्हेंबर 2013 ला सिनेटमधल्या डेमोक्रॅट पक्षाने 52 विरुद्ध 48 मतांनी ठरवून टाकलं की सर्वोच्च न्यायालय सोडून बाकी नेमणुकांना 60 ची अट नको. 2017 मध्ये रिपब्लिकन पक्षाने त्याच आकड्याने सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकांचीही अट काढली. ज्यांनी दार उघडलं, त्यांच्या विरोधकांनी त्यातून सामान हलवलं. मुंबईत डिसेंबर 2021 मध्ये महाविकास आघाडीने विधानसभा अध्यक्षांची निवड गुप्त मतदानाऐवजी उघड मताने व्हावी असा नियम केला, आपली माणसं फुटू नयेत म्हणून. राज्यपालांनी निवडणुकीची तारीख दिली नाही, खुर्ची रिकामीच राहिली. जुलै 2022 मध्ये तिच्यावर राहुल नार्वेकर बसले, उघड मतदानाने, 164 विरुद्ध 107. आघाडीने शिवलेला अंगरखा आघाडीला पाडणाऱ्यांच्या अंगात नीट बसला.

बोलून अडवता येत नाही म्हटल्यावर विरोधकांकडे गोंगाट उरतो. मावळाने त्याचं कारण एकदा स्वतःच्या रक्ताने पुरवलं आहे. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या विरोधात 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर शेतकरी उतरले, पोलिसांनी गोळीबार केला, तिघांचा जीव गेला. पावसाळी अधिवेशन चालू होतं, विरोधकांनी कामकाज रोखून धरलं. योजनेला नंतर जी स्थगिती मिळाली ती दशकाहून जास्त टिकली. रस्त्यावर मिळालेली ही स्थगिती कुठल्याही सिनेटरच्या भाषणापेक्षा लांब ठरली, आणि किती महाग.

पण गोंगाटाला दुसरी धार आहे. सभागृहात घोषणा चालू असताना अध्यक्षांनी कायद्याचं नाव वाचायचं, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, होयचे बहुमत आहे, संमत. दोन मिनिटं लागत नाहीत. आवाजात कुणाचा होय आणि कुणाचा नाही हे ऐकणारा कान एकच, अध्यक्षांचा. नोव्हेंबर 2014 मध्ये देवेंद्र फडणवीस यांचं पहिलं सरकार याच आवाजी मतदानाने टिकलं आणि मतविभागणी का घेतली नाही म्हणून शिवसेना आणि काँग्रेस खवळले होते. अमेरिकेतला विरोधक गप्प राहूनही विधेयक अडवतो, आपला ओरडूनही चर्चा टाळायला मदतच करतो. दोन्हीत मला आपली पद्धत जास्त चिंतेची वाटते. त्यांच्याकडे निदान अडलेलं विधेयक सगळ्यांना दिसतं. आपल्याकडे न वाचलेलं विधेयक कायदा होऊन गावात येतं.

गावात येतं म्हणजे कसं, ते पाहा. 2017 मध्ये सरपंचाची निवड थेट जनतेतून होईल असा कायदा झाला. सरकार बदललं. नव्या सरकारला ही पद्धत नको होती. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी अध्यादेशावर सही केली नाही, तेव्हा फेब्रुवारी 2020 मध्ये विधेयक आणलं गेलं आणि विरोधकांच्या गदारोळात ते संमत झालं. सरपंच पुन्हा सदस्यांतून. 2022 मध्ये पुन्हा सरकार बदललं, पुन्हा थेट जनतेतून. कार्ल्याच्या नाहीतर टाकव्याच्या मतदाराने पाच वर्षांत तीन वेळा नियम बदललेला पाहिला, प्रत्येक वेळी साध्या बहुमताने आणि पूर्ण कायदेशीरपणे. फिलिबस्टरचे समर्थक नेमकं हेच उदाहरण मागतात. घाट असेल, तर गाडी दर निवडणुकीनंतर मागेपुढे करत नाही.

आपल्याकडे मुळीच अडथळे नाहीत असं मात्र नाही, ते फक्त वेगळ्या ठिकाणी आहेत. विधान परिषद एखादं विधेयक तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा पाठवल्यावर आणखी एक महिना धरून ठेवू शकते, त्यापुढे विधानसभेचंच चालतं. ही झाली घटनेतली मुदत. पण राजकीय इच्छा नसली की मुदतींना विचारतो कोण. जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळाच्या पायऱ्यांवर वर्षानुवर्षं पडून होता, कधी या सभागृहात कधी त्या समितीत. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, तेव्हा चार दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. उलट, महिलांवरच्या अत्याचारांसाठीचं शक्ती विधेयक डिसेंबर 2021 मध्ये विधानसभेने एकमताने संमत केलं. एकमताने! राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेलं आणि कायदा काही झाला नाही.

आणि आता मला सगळ्यात जास्त चकित करणारी गोष्ट. साध्या बहुमतापेक्षा जास्त मतं मागणारा खरा घाट आपल्याकडे आहे, पण तो मुंबईला नाही. तो गावच्या पंचायतीत आहे. 17 एप्रिल 1999 ला वाजपेयींचं केंद्र सरकार 269 विरुद्ध 270 अशा एका मताने पडलं. मुख्यमंत्रीही एका मताने जातो. सरपंच तसा जात नाही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या 35 व्या कलमानुसार सदस्यांतून निवडलेल्या सरपंचावरचा अविश्वास ठराव एकूण सदस्यांच्या दोन-तृतीयांशांनी संमत व्हावा लागतो. एकूण सदस्यांच्या, नुसत्या हजर असलेल्यांच्या नाही. पद स्त्रीसाठी राखीव असेल आणि त्यावर स्त्री बसलेली असेल तर तीन-चतुर्थांश. नऊ सदस्यांची पंचायत धरा. साधं बहुमत पाच. पुरुष सरपंचाला हटवायला सहा लागतात, राखीव पदावरच्या बाईंना हटवायला सात. म्हणजे स्वतः आणि सोबत दोघं, एवढ्यावर त्या टिकतात. राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईला गावातल्या गटांनी सहा महिन्यांत खाली ओढू नये म्हणून घातलेला हा चढ आहे, आणि तो मला अगदी योग्य वाटतो. थेट निवडून आलेल्या सरपंचाचं तर सदस्यांच्या ठरावानेही संपत नाही, पुढे ग्रामसभेत गुप्त मतदान व्हावं लागतं.

घाट आला की बँकर शोधणारेही आले. अविश्वासाची नोटीस तहसीलदारांकडे पडली की सदस्य ‘सहलीला’ जातात, फोन बंद होतात आणि मतदानाच्या दिवशी सगळे एकाच गाडीतून उतरतात. इतर तालुक्यांतल्या अशा सहली लोणावळ्याच्या थंड हवेत येतात. मावळातल्या गटाची मात्र पंचाईत होते, त्याला घरचं लोणावळं चालत नाही. सहावं मत आणि सातवं मत यांत जो फरक आहे, त्यावर किती हॉटेलांची बिलं निघाली असतील याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

एक आकडा मात्र तुमच्या माझ्या हातातला आहे. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांत जे कमी असेल ते. तीन हजार मतदारांच्या गावात 100 जण आले की सभा सुरू, आणि त्यातले 51 हात गावाच्या वतीने ठरवतात. 100 सुद्धा जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि ती पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अटच नसते. तिथे वीस जण असतील तर अकरा जणांचं बहुमत. ग्रामसभेची नोटीस पंचायतीच्या फळ्यावर आधी लागते. 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, 26 जानेवारी या तारखा तर ठरलेल्याच. पुढच्या वेळी जा, आणि हात वर करण्याआधी किती जण आले आहेत ते मोजा.